निक ड्रेक

निकोलस रॉडनी ड्रेक (१९ जून १९४८ – २५ नोव्हेंबर १९७४), निक ड्रेक या नावाने परिचित, हे इंग्लिश गायक, गीतकार, संगीतकार आणि गिटारवादक होते. ब्रिटिश फोक रॉक संगीतातील महत्त्वाच्या कलावंतांत त्यांची गणना होते. १९६९ ते १९७२ या काळात त्यांचे 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट', 'ब्रायटर लेटर' आणि 'पिंक मून' हे तीन अल्बम प्रकाशित झाले. त्यांच्या हयातीत यांपैकी एकाही अल्बमच्या पाच हजारांहून अधिक प्रती खपल्या नाहीत, असे सामान्यतः मानले जाते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर हळूहळू त्यांच्या गाण्यांना श्रोते मिळत गेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची कीर्ती जगभर पसरली.

पार्श्वभूमी

फोक रॉक म्हणजे लोकसंगीताच्या चाली व कथनशैली आणि रॉक संगीतातील विद्युत गिटार व तालवाद्ये यांच्या मिलाफातून तयार झालेला संगीतप्रकार. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बॉब डिलन आणि द बर्ड्स हा वाद्यवृंद यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला. इंग्लंडमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन आणि पेंटँगल या वाद्यवृंदांनी त्याला वेगळे रूप दिले. जुनी इंग्लिश व स्कॉटिश कथागीते, जॅझचा ताल आणि आधुनिक वाद्ये यांचा संगम त्यांच्या संगीतात आढळतो. याच वर्तुळातील निर्माते आणि वादक ड्रेक यांच्या वाट्याला आले. ड्रेक यांनी मात्र पारंपरिक गीते जवळजवळ गायली नाहीत. स्वतः लिहिलेली, स्वतः बांधलेली गाणी हाच त्यांचा मार्ग होता.

कुटुंब आणि बालपण

ड्रेक यांचा जन्म ब्रह्मदेशातील (आताचे म्यानमार) रंगून येथे झाला. त्यांचे वडील रॉडनी ड्रेक हे अभियंता होते आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या नोकरीसाठी रंगूनला गेले होते. १८६३ मध्ये मुंबईत नोंदवलेली ही कंपनी ब्रह्मदेशातील सागवानाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होती. आई मेरी, घरगुती नाव मॉली, या भारतीय सनदी सेवेतील (आय. सी. एस.) एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कन्या होत. रॉडनी आणि मॉली यांचा विवाह १९३७ मध्ये झाला.

१९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश व्यापल्यावर मॉली आणि त्यांची बहीण नॅन्सी यांना दिल्लीत नातेवाइकांकडे आश्रय घ्यावा लागला. तेथे या दोघी बहिणींनी ऑल इंडिया रेडिओवरून गाण्याचे कार्यक्रम केले. निक यांची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म १९४४ मध्ये लाहोर येथे झाला. पुढे त्या इंग्लंडमध्ये नामवंत अभिनेत्री झाल्या.

१९५० च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब इंग्लंडमध्ये परतले आणि वॉरिकशायर परगण्यातील टॅनवर्थ-इन-आर्डेन या गावी 'फार लीज' नावाच्या घरात स्थायिक झाले. ब्रह्मदेशातील कारेन जमातीची दाईही मुलांच्या संगोपनासाठी त्यांच्यासोबत आली. घरात संगीताचे वातावरण होते. मॉली स्वतः कविता करीत, त्यांना चाली लावीत आणि पियानोवर त्या गात असत. रॉडनी यांना ध्वनिमुद्रणाची हौस होती. पत्नीची गाणी ते घरच्या घरी फितीवर मुद्रित करून ठेवत. ही गाणी त्या काळी घराबाहेर कोणी ऐकली नव्हती. अनेक वर्षांनी ती प्रकाशित झाली, तेव्हा मुलाच्या गाण्यांतील हळवा सूर आणि स्वरसंगतीची अनपेक्षित वळणे आईच्या गाण्यांतही आहेत, हे समीक्षकांच्या ध्यानात आले. पियानोचे पहिले धडे निक यांना आईकडूनच मिळाले.

शिक्षण

१९५७ मध्ये ड्रेक यांना बर्कशायरमधील ईगल हाउस या निवासी शाळेत घालण्यात आले. १९६२ पासून ते विल्टशायरमधील मार्लबरो कॉलेज या नामांकित निवासी विद्यालयात शिकले. तेथे ते उत्तम धावपटू होते. रग्बीही खेळत. पियानो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही वाद्ये त्यांनी शिकून घेतली आणि मित्रांसमवेत एक वाद्यवृंदही काढला. १९६५ च्या सुमारास त्यांनी पहिली गिटार विकत घेतली. त्यानंतर अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ लागले. परीक्षेतील गुण बेताचेच मिळाले आणि बर्मिंगहॅम येथील एका शिकवणी महाविद्यालयात वेगळी तयारी करावी लागली. अखेर केंब्रिज विद्यापीठाच्या फिट्झविल्यम कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी त्यांना प्रवेश मिळाला.

केंब्रिजला जाण्यापूर्वी १९६७ मध्ये त्यांनी सुमारे सहा महिने दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे घालवले. तेथे रस्त्यावर गिटार वाजवून ते थोडेफार पैसे मिळवीत. याच काळात मित्रांसमवेत त्यांनी मोरोक्कोचा प्रवास केला. गिटारचा ध्यास त्यांनी याच काळात घेतला आणि गीतलेखनालाही गांभीर्याने आरंभ झाला.

ऑक्टोबर १९६७ मध्ये ते केंब्रिजला दाखल झाले. विल्यम ब्लेक, डब्ल्यू. बी. येट्स आणि हेन्री व्हॉन हे त्यांचे आवडते कवी होते. वर्गातील अभ्यासात मात्र त्यांचे मन रमले नाही. महाविद्यालयातील खोलीत बसून गिटार वाजवणे आणि संगीत ऐकणे यांतच त्यांचा बहुतेक वेळ जाई. येथेच त्यांची ओळख रॉबर्ट कर्बी या संगीताच्या विद्यार्थ्याशी झाली. कर्बी यांनी ड्रेक यांच्या काही गाण्यांसाठी तंतुवाद्यांचे संयोजन लिहिले. विद्यार्थिदशेतील ही मैत्री पुढे दोन अल्बमांचा कणा ठरली.

सांगीतिक कारकीर्द

१९६७–६८ च्या हिवाळ्यात लंडनच्या राउंडहाउस या सभागृहात ड्रेक यांचे गाणे फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचे बास गिटारवादक ॲशली हचिंग्ज यांनी ऐकले. त्यांनी ही गोष्ट जो बॉइड या तरुण अमेरिकी निर्मात्याच्या कानी घातली. बॉइड यांची विचसीझन ही निर्मितीसंस्था आयलँड रेकॉर्ड्सशी संलग्न होती आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचे ध्वनिमुद्रणही तेच करीत. ड्रेक यांनी आणून दिलेल्या चार गाण्यांच्या ध्वनिफितीने बॉइड प्रभावित झाले आणि त्यांनी या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याशी करार केला.

फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट

पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९६८–६९ मध्ये लंडनच्या चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स स्टुडिओत झाले. ध्वनिमुद्रक जॉन वुड हे होते. पुढील दोन्ही अल्बमही याच स्टुडिओत आणि त्यांच्याच हातून मुद्रित झाले. रिचर्ड थॉम्पसन (फेअरपोर्ट कन्व्हेन्शन) यांनी विद्युत गिटार आणि डॅनी थॉम्पसन (पेंटँगल) यांनी डबल बास वाजवला. आडनाव एकच असले तरी हे दोघे नातेवाईक नव्हते.

तंतुवाद्यांच्या संयोजनासाठी बॉइड यांनी आरंभी रिचर्ड ह्यूसन या व्यावसायिक संयोजकाची निवड केली होती. ते काम ड्रेक यांना पसंत पडले नाही. एरवी मितभाषी व संकोची असलेल्या ड्रेक यांनी या बाबतीत ठाम भूमिका घेतली आणि आपला केंब्रिजचा मित्र हे काम करील, असे सुचवले. कर्बी यांना स्टुडिओतील कामाचा कसलाही अनुभव नव्हता. तथापि पहिल्याच प्रयत्नात त्यांची योग्यता सिद्ध झाली. 'वे टू ब्लू' या गाण्यात गिटार मुळीच नाही. केवळ तंतुवाद्ये आणि आवाज यांवर ते उभे आहे. 'रिव्हर मॅन' या गाण्यासाठी मात्र कर्बी यांनी असमर्थता दर्शवली आणि ते संयोजन हॅरी रॉबिन्सन या अनुभवी संगीतकाराने केले. पाच मात्रांच्या आवर्तनात बांधलेले हे गाणे ड्रेक यांच्या उत्कृष्ट रचनांपैकी एक मानले जाते. फोक रॉकमध्ये असे आवर्तन क्वचितच आढळते.

अल्बमच्या नावाचा शब्दशः अर्थ 'पाच पाने उरली' असा आहे. सिगारेट वळण्याच्या कागदाच्या पुडीत शेवटचे काही कागद उरले की तशी सूचना देणारी चिठ्ठी असे. नाव तिच्यावरून घेतले आहे. जुलै १९६९ मध्ये अल्बम प्रकाशित झाला. वेष्टनावर गाण्यांचा क्रम चुकीचा छापला गेला होता, तसेच ध्वनिमुद्रणात नसलेली काही कडवीही त्यावर आली होती. परीक्षणे संमिश्र आली, आकाशवाणीवर गाणी फारशी वाजली नाहीत आणि विक्री बेताचीच झाली.

याच अल्बममधील 'फ्रूट ट्री' हे गाणे, कीर्ती माणसाच्या पश्चातच बहरते, अशा आशयाचे आहे. ड्रेक यांच्या निधनानंतर त्याकडे भविष्यवाणी म्हणून पाहिले गेले. तथापि अकाली मृत्यू आणि मागाहून लाभणारी कीर्ती हा इंग्रजी रोमँटिक काव्यपरंपरेतील परिचित विषय आहे. ड्रेक हे त्या परंपरेचे विद्यार्थी होते, ही बाब हे गाणे समजून घेताना लक्षात घ्यावी लागते.

मैफली

पदवीला सुमारे नऊ महिने उरले असताना, १९६९ च्या शरद ऋतूत, ड्रेक यांनी विद्यापीठ सोडले आणि ते लंडनला आले. शिक्षण सोडू नये यासाठी वडिलांनी केलेली विनवणी त्यांनी मानली नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या मैफलीपूर्वी त्यांनी काही गाणी सादर केली. शांतपणे ऐकणाऱ्या या श्रोत्यांनी त्यांना चांगला प्रतिसाद दिला.

लहान क्लब आणि महाविद्यालये येथील अनुभव मात्र निराळा होता. ड्रेक यांची बहुतेक गाणी गिटारच्या वेगवेगळ्या जुळवणीत बांधलेली होती. त्यामुळे प्रत्येक गाण्यानंतर तारा नव्याने लावाव्या लागत. या वेळात इतर गायक श्रोत्यांशी गप्पा मारून, विनोद सांगून वातावरण राखीत. ड्रेक खाली मान घालून मुकाट्याने तारा लावत राहत. श्रोते कंटाळत, आपसांत बोलू लागत आणि त्यांचा मृदू आवाज त्या गलबल्यात हरवून जाई. जून १९७० मध्ये सरे परगण्यातील एका तांत्रिक महाविद्यालयात गाणे अर्धवट सोडून ते मंचावरून उतरले. त्यानंतर त्यांनी जवळजवळ कार्यक्रम केलेच नाहीत.

दूरचित्रवाणी व चित्रफीत यांचा प्रसार मर्यादित असलेल्या त्या काळात मैफली आणि मुलाखती हीच नव्या गायकाची ओळख होण्याची मुख्य साधने होती. ड्रेक यांनी दोन्ही टाळली. त्यांची एकच मुलाखत १९७१ मध्ये 'साउंड्स' या संगीतविषयक साप्ताहिकात प्रकाशित झाली आणि तीतही ते फारसे बोलले नाहीत. प्रौढ वयातील त्यांचे एकही चलच्चित्रण उपलब्ध नाही. त्यांची परिचित छायाचित्रे प्रामुख्याने कीथ मॉरिस यांनी अल्बमांच्या निमित्ताने काढलेली आहेत.

ब्रायटर लेटर

दुसरा अल्बम मार्च १९७१ मध्ये प्रकाशित झाला. 'पुढे ऊन पडेल' अशा हवामानवृत्तातील भाषेवर केलेला खेळ त्याच्या नावात आहे. पहिल्या अल्बमच्या अपयशानंतर या वेळी अधिक उठावदार संगीत असावे, असे ठरले. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचे डेव्ह पेग (बास) आणि डेव्ह मॅटॅक्स (ड्रम्स) यांनी साथ केली. कर्बी यांनी तंतुवाद्यांबरोबर फुंकवाद्यांचेही संयोजन केले. द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकी वाद्यवृंदाचे माजी सदस्य जॉन केल यांनी 'नॉर्दर्न स्काय' आणि 'फ्लाय' या गाण्यांत वादन केले. 'पुअर बॉय' या गाण्यात दक्षिण आफ्रिकी जॅझ पियानोवादक ख्रिस मॅग्रेगर यांचा सहभाग आहे.

बॉइड आणि वुड यांना हा अल्बम विशेष समाधान देणारा वाटला. ड्रेक स्वतः मात्र तो अतिसजवलेला आहे, अशा मताचे होते. याही अल्बमची विक्री निराशाजनकच झाली. याच सुमारास बॉइड यांनी विचसीझन आयलँड रेकॉर्ड्सला विकली आणि चित्रपटसंगीताच्या कामासाठी ते अमेरिकेला गेले. ज्यांच्यावर ड्रेक यांचा व्यावसायिक भरवसा होता, ते मार्गदर्शकच दूर गेले.

पिंक मून

१९७१ मध्ये ड्रेक यांना नैराश्याचा त्रास जाणवू लागला. घरच्या मंडळींच्या आग्रहावरून त्यांनी वैद्यकीय सल्ला घेतला आणि औषधे सुरू केली. औषधे घ्यावी लागतात याचा त्यांना संकोच वाटे. आयलँडचे प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल यांनी विश्रांतीसाठी त्यांना स्पेनमधील आपल्या घरी पाठवले. तेथून परतल्यावर त्यांनी जॉन वुड यांच्याशी संपर्क साधून नवा अल्बम मुद्रित करण्याची इच्छा व्यक्त केली.

ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत हे काम पूर्ण झाले. स्टुडिओत ड्रेक आणि वुड या दोघांखेरीज कोणी नव्हते. आवाज आणि गिटार एवढेच मुद्रित झाले. केवळ शीर्षकगीतात मागाहून पियानोचे काही स्वर मिसळले गेले. आणखी काही वाद्ये घालायची आहेत का, या प्रश्नावर ड्रेक यांनी नकार दिला. अकरा रचनांचा हा अल्बम अर्ध्या तासाहून कमी कालावधीचा आहे. २५ फेब्रुवारी १९७२ रोजी तो प्रकाशित झाला. मुखपृष्ठासाठी मायकेल ट्रेव्हिथिक यांचे अतिवास्तववादी शैलीतील चित्र वापरण्यात आले.

ध्वनिफितीचे पाकीट कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवून ड्रेक न बोलता निघून गेले आणि काही दिवस ते कोणाच्या लक्षातही आले नाही, अशी आख्यायिका प्रचलित आहे. ती खरी नाही. फीत त्यांनी ब्लॅकवेल यांच्याकडेच सुपूर्द केली होती.

हा अल्बम आजारातून निर्माण झाला असे अनेकदा लिहिले जाते. ड्रेक यांच्या संगीताचा वारसा सांभाळणाऱ्यांना हे मत मान्य नाही. नैराश्य बळावलेले असताना ड्रेक लिहू किंवा गाऊ शकत नसत आणि 'पिंक मून' हा त्यांच्या चांगल्या दिवसांतील, त्यांना स्वतःला अभिमान वाटलेला अल्बम आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ध्वनिमुद्रणातील गिटारवादनाचा अचूकपणा आणि दोन रात्रींत काम पूर्ण होणे या गोष्टी या मताला पुष्टी देतात.

अखेरची वर्षे

तिसऱ्या अल्बमलाही यश लाभले नाही. ड्रेक टॅनवर्थला आईवडिलांच्या घरी परतले. आयलँड रेकॉर्ड्सकडून त्यांना आठवड्याला २० पौंड मानधन मिळत असे. तेवढ्यावर स्वतंत्र राहणे शक्य नव्हते. १९७२ मध्ये प्रकृती खालावल्याने त्यांना पाच आठवडे रुग्णालयात राहावे लागले. पुढे ते दिवस दिवस बोलत नसत. आईची मोटार घेऊन निरुद्देश भटकत आणि पेट्रोल संपले की घरी दूरध्वनी करीत. मग वडील जाऊन त्यांना घेऊन येत. कधी पूर्वसूचना न देता मित्रांच्या घरी जात, काही दिवस राहत आणि तसेच निघून जात. त्यांचे मित्र, स्कॉटिश वंशाचे गायक जॉन मार्टिन यांनी आपल्या १९७३ मधील 'सॉलिड एअर' या अल्बमचे शीर्षकगीत ड्रेक यांना उद्देशून लिहिले.

१९७४ मध्ये बॉइड लंडनला आले असता नवा अल्बम करण्याचे ठरले. ड्रेक, बॉइड आणि वुड पुन्हा एकदा स्टुडिओत एकत्र आले. तेव्हा एकाच वेळी गिटार वाजवणे आणि गाणे ड्रेक यांना जमेना. आधी वादन मुद्रित करून त्यावर आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करावा लागला. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या वादनात चूक शोधून सापडत नसे, त्यांची ही अवस्था पाहून दोघांनाही धक्का बसला. 'ब्लॅक आइड डॉग' यांसारखी काही मोजकी गाणी पूर्ण झाली. अल्बम अपुराच राहिला.

त्याच वर्षाच्या शरद ऋतूत त्यांनी काही काळ पॅरिसमध्ये घालवला. त्यानंतर त्यांच्या मनःस्थितीत सुधारणा होत आहे, असे आईवडिलांना वाटत होते. २४–२५ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री 'फार लीज' येथे नैराश्यावरील औषधाच्या अतिसेवनाने त्यांचे निधन झाले. चौकशीत ही आत्महत्या असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. तथापि तो अपघात होता की हेतुपुरस्सर कृती, याविषयी कुटुंबीय आणि मित्र यांच्यात एकमत झाले नाही.

टॅनवर्थ येथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये २ डिसेंबर १९७४ रोजी अंत्यविधी झाला. चर्चच्या आवारातील ओक वृक्षाखाली त्यांच्या अस्थी पुरण्यात आल्या. शाळा, केंब्रिज, लंडन आणि संगीतक्षेत्र येथील त्यांच्या मित्रांपैकी अनेकांची एकमेकांशी पहिली भेट याच प्रसंगी झाली. आपल्या आयुष्यातील हे गट ड्रेक यांनी एकमेकांपासून वेगळे ठेवले होते.

संगीतशैली

ड्रेक यांच्या संगीताचा पाया त्यांचे गिटारवादन आहे. गिटारच्या सहा तारा सर्वसाधारणपणे ज्या स्वरांत लावल्या जातात, त्या जुळवणीऐवजी ते स्वतः शोधलेल्या जुळवण्या वापरत. 'पिंक मून' मधील अनेक गाण्यांत खालच्या तारेपासून सी-जी-सी-एफ-सी-ई अशी जुळवणी आहे. त्यामुळे खर्जातील तारा मोकळ्या सोडून त्यांचा अखंड नाद राखता येतो आणि एरवी बोटांना न साधणारे स्वरसमूह सहज वाजवता येतात. तार छेडण्यासाठी ते पट्टीऐवजी बोटांचा उपयोग करीत. अंगठा खर्जाचा ठेका धरी आणि इतर बोटे त्यावर स्वतंत्र सुरावट विणीत. एकाच गिटारवर दोन वादक वाजवत असावेत, असा भास त्यामुळे होतो. त्यांनी या जुळवण्या लिहून ठेवल्या नव्हत्या. त्या ओळखण्यासाठी नंतरच्या वादकांना ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकावी लागली.

त्यांचा आवाज मंद, काहीसा श्वासमिश्रित आहे. गिटारच्या ठेक्यावर शब्द नेमके न टाकता ते किंचित मागून उचलतात, त्यामुळे गाण्यात जॅझसारखी लवचीकता येते. गीतांत चंद्र, नदी, समुद्र, झाडे, पाऊस आणि ऋतू यांच्या प्रतिमा वारंवार येतात. ब्लेक आणि येट्स यांच्या वाचनाचा संस्कार तेथे दिसतो. गाण्यांत कथानक क्वचितच असते. शब्द साधे, बहुधा एक-दोन अक्षरी असतात आणि अर्थ पुरता उलगडून सांगितलेला नसतो.

मरणोत्तर कीर्ती

ड्रेक यांची कीर्ती आपोआप पसरली नाही. त्यांची गाणी उपलब्ध राहावीत म्हणून काही व्यक्तींनी केलेल्या जतनाच्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे. बॉइड यांनी दिलेल्या माहितीनुसार, विचसीझन विकताना ड्रेक यांचे अल्बम विक्रीतून कधीही काढून टाकू नयेत, अशी अट त्यांनी घातली होती. मूळ ध्वनिफिती शाबूत राहिल्याने पुढील काळात उत्तम प्रतीची पुनर्मुद्रणे करता आली. रॉडनी आणि मॉली यांनी देशोदेशींहून 'फार लीज' येथे येणाऱ्या चाहत्यांचे घरात स्वागत केले, त्यांना मुलाची खोली दाखवली आणि घरगुती ध्वनिफितींच्या प्रतीही करू दिल्या. रॉडनी यांचे १९८८ मध्ये आणि मॉली यांचे १९९३ मध्ये निधन झाले. त्यानंतर ही जबाबदारी गॅब्रिएल ड्रेक यांनी सांभाळली.

१९७९ मध्ये तिन्ही अल्बम आणि १९७४ मधील चार गाणी यांचा 'फ्रूट ट्री' हा संच प्रकाशित झाला. १९८० च्या दशकात द क्युअर या वाद्यवृंदाचे रॉबर्ट स्मिथ आणि आर. ई. एम. चे पीटर बक यांनी ड्रेक यांच्या प्रभावाचा उल्लेख केला. द ड्रीम ॲकॅडमी या वाद्यवृंदाने १९८५ मधील 'लाइफ इन अ नॉर्दर्न टाउन' हे गाजलेले गाणे त्यांना अर्पण केले. १९९७ मध्ये पॅट्रिक हम्फ्रीज यांनी लिहिलेले चरित्र प्रकाशित झाले. २००० मध्ये डच दिग्दर्शक येरून बर्कव्हेन्स यांनी 'अ स्किन टू फ्यू' हा माहितीपट तयार केला. अमेरिकी जॅझ पियानोवादक ब्रॅड मेलडाउ यांनी 'रिव्हर मॅन' वादनातून सादर केले.

१९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगन कंपनीने आपल्या मोटारीच्या अमेरिकी जाहिरातीत 'पिंक मून' हे गाणे वापरले. अमेरिकेत १९९९ मध्ये या अल्बमच्या सुमारे ६,००० प्रती विकल्या गेल्या होत्या. पुढील वर्षी ही संख्या ७४,००० च्या घरात गेली. एका व्यापारी जाहिरातीने हे घडवावे याविषयी काही चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. तथापि हजारो नव्या श्रोत्यांपर्यंत ही गाणी त्यामुळेच पोहोचली. 'द रॉयल टेनेनबॉम्स' (२००१) आणि 'गार्डन स्टेट' (२००४) या चित्रपटांतही त्यांची गाणी वापरण्यात आली. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या २००३ मधील पाचशे सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत ड्रेक यांचे तिन्ही अल्बम समाविष्ट होते.

२००४ मध्ये 'मेड टू लव्ह मॅजिक' आणि २००७ मध्ये घरगुती ध्वनिमुद्रणांचा 'फॅमिली ट्री' हे संग्रह प्रसिद्ध झाले. 'फॅमिली ट्री' मध्ये मॉली ड्रेक यांचीही गाणी आहेत. २०१४ मध्ये गॅब्रिएल ड्रेक आणि कॅली कॅलोमन यांनी पत्रे, छायाचित्रे व लेख यांचा 'निक ड्रेक: रिमेंबर्ड फॉर अ व्हाइल' हा ग्रंथ सिद्ध केला. २०२३ मध्ये रिचर्ड मॉर्टन जॅक यांचे विस्तृत चरित्र प्रकाशित झाले आणि २०२४ मध्ये बी. बी. सी. प्रॉम्स या संगीतमहोत्सवात ड्रेक यांची गाणी पूर्ण वाद्यवृंदासह सादर झाली.

दुःखी, एकाकी आणि अकाली गेलेला कवी ही ड्रेक यांची प्रतिमा दीर्घकाळ प्रचलित राहिली. अलीकडील चरित्रलेखनात तिला मुरड घातली गेली आहे. शाळेतील उत्साही खेळाडू, मित्रांत रमणारा विद्यार्थी आणि स्वतःच्या संगीताबाबत तडजोड न करणारा कलावंत ही त्यांची बाजूही त्यातून पुढे आली. आजाराने त्यांना गाणी दिली नाहीत. उलट शेवटच्या दोन-तीन वर्षांत लेखन आणि वादन या दोन्ही क्षमता त्याने हिरावून घेतल्या, हे उपलब्ध ध्वनिमुद्रणांवरून स्पष्ट होते.

ध्वनिमुद्रिका

हयातीत प्रकाशित
- फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट (१९६९)
- ब्रायटर लेटर (१९७१)
- पिंक मून (१९७२)

निवडक मरणोत्तर संग्रह
- फ्रूट ट्री (१९७९)
- वे टू ब्लू (१९९४)
- मेड टू लव्ह मॅजिक (२००४)
- फॅमिली ट्री (२००७)